अडीच किलोच्या खाली

मी शाहूपुरीत गुळाच्या बाजारात मापाडी आहे. मापाडी म्हणजे माल तोलणारा. सत्तावीस वर्षं मी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, काट्यावर चढवतो, आकडा मोठ्यानं म्हणतो आणि कागदावर उतरवतो. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या माणसानं कुणाकडंच झुकायचं नाही. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे आकडे येतील ते मी स्वतः पाहिलेले आहेत. जे पाहिले नाहीत तिथं तसं सांगेन. घाबरलेला माणूस आकडा फुगवतो, आणि गेल्या उन्हाळ्यात मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो इतका घाबरलो होतो.

आमचं घर पेठेत आहे. खाली दोन खोल्या, त्यांना लागून गोठा, गोठ्यात दोन मुऱ्हा म्हशी. वर पत्र्याची एक खोली. म्हैस व्याली की मी रेडकाचं वजन करतो. त्याचं अंग कोरडं झालं की आधी एकटा वजनकाट्यावर उभा राहतो, मग रेडकू उचलून उभा राहतो, आणि फरक वहीत लिहितो. तारीख, आई कोणती, रेडा की रेडी, हेही लिहितो. सोळा वर्षांत एकवीस रेडकं झाली. बायको दर वेळी तेच म्हणते, "झालं का वजन? आता नाव ठेवा, घुगऱ्या वाटा."

आमची मुलगी पन्हाळ्यावर दिली आहे. जावई तिथल्याच कचेरीत नोकरीला आहेत. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिला सातवा लागला. पन्हाळ्यावर डोहाळजेवण झालं आणि रीतीप्रमाणं आम्ही तिला घेऊन यायला निघालो. पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत आमच्यात कुणी ठरवून पाळत नाही, श्वास घ्यावा तशी ती पाळली जाते. निघताना विहीणबाई गाडीपाशी आल्या. बोलायला मोकळ्या आणि आवाजानं मोठ्या. म्हणाल्या, "पावणं, हितं वारं तरी हाय. तिकडं नुसता उकाडा. ऱ्हाऊ दे की हितंच."

"असं कसं विहीणबाई? पहिली खेप हाय. लोक मला काय म्हणतील?"

"लोकास्नी कळा येत न्हाईत, पावणं."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला पुढं फार लाज वाटली.

मुलीसाठी आम्ही वरची खोली तयार केली होती. खाली गोठ्याचा वास, डास, पहाटेपासून दुधाला येणारी माणसं. वर एकांत मिळेल, झोप मिळेल असा हिशोब. भिंतींना रंग दिला, नवी गादी घातली, पंखा बदलला. डोक्यावर पत्रा आहे ही गोष्ट आम्हाला दिसली नाही असं नाही. मी स्वतः त्या खोलीत पंधरा उन्हाळे झोपलो आहे. उकडायचं, पण उकडणं म्हणजे काही आजार नव्हे, असं आम्ही धरून चाललो होतो.

एप्रिल मधोमध आला तशी मुलगी दुपारी बोलेनाशी झाली. पाय सुजत होते. जेवणावरून मन उडालं होतं. विचारलं की म्हणायची, "काय न्हाय आप्पा, उकडतंय एवढंच." ओला पंचा मानेवर ठेवून ती भिंतीला टेकून बसायची. बायको तिला ताक, नाचणीची आंबील, कोकम द्यायची. आमच्या परीनं काळजीत कमी नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात म्हैस व्याली. रेडी झाली. मी नेहमीप्रमाणं काट्यावर चढलो, उतरलो, रेडकू उचललं, पुन्हा चढलो. फरक तेवीस किलो आला. मला वाटलं चुकलं. काटा रिकामा करून शून्य पाहिलं. पुन्हा केलं. तेवीसच.

मी वही घेऊन गोठ्याच्या दारात बसलो आणि मागची पानं चाळली. असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं. मी लिहायचो, बेरीज कधी करत नव्हतो. पहिल्या दहा वर्षांत अठ्ठावीसच्या खाली एकही रेडकू नव्हतं. मागच्या सहा वर्षांत जी पाच उन्हाळ्याच्या शेवटी जन्मली ती अशी: सत्तावीस, अठ्ठावीस, सव्वीस, पंचवीस, आणि आता तेवीस. थंडीत जन्मलेली मात्र अजूनही तीसच्या आसपासच होती.

पाच रेडकांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. रेतन करणारा माणूस मध्ये बदलला होता, म्हणजे रेडाही बदलला असणार. दोन वर्षं हिरवा चारा कमी पडला होता. ही दोन्ही कारणं मी वहीत आकड्यांखाली लिहिली. तरी मला वही मिटवेना. कारण त्या पानावर जे महिने मी जड आकड्यांसमोर वाचत होतो ते थंडीचे होते, आणि हलक्यांसमोर जे होते तेच महिने माझी मुलगी वर पत्र्याखाली काढत होती.

जनावरांचे डॉक्टर जार, म्हणजे वार, तपासायला आले तेव्हा मी त्यांना वही दाखवली. तरुण आहेत, पण उत्तर देताना घाई करत नाहीत. त्यांनी पानं नीट पाहिली.

"पोटात रेडकू शेवटच्या दोन महिन्यांतच वजन घेतं, काका. त्या वेळेला म्हैस तापली की खाणं तोडते. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडं पळतं. मग गर्भाकडं कमी जातं. रेडकू लहान राहतं."

"हे सगळ्या जनावरांत हुतंय?"

"पक्षी, मासे, उंदीर... जगात बऱ्याच ठिकाणी लोक मोजतायत. सगळीकडं सारखंच दिसतं असं नाही. पण हवा तापली की कितीतरी जिवांची अंगं लहान होत चालल्याचं दिसतंय. मोठं अंग निवायला वेळ लागतो ना."

हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. गुऱ्हाळात एकाच कढईतला गूळ लहान साच्यात ओतला तर तासाभरात हातात धरता येतो, आणि मोठ्या रव्याच्या पोटात दुसऱ्या दिवशीही ऊब असते. मी ते हातानं अनुभवलेलं आहे. तेच आता जिवंत अंगाला लावायचं होतं.

"आणि माणसांत?" मी विचारलं.

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. त्यांना वर कोण आहे ते ठाऊक होतं. येता-जाता तिची चौकशी करायचे. मग म्हणाले, "मी जनावरांचा डॉक्टर आहे, काका. तिच्या डॉक्टरांना विचारा."

त्यानंतर दोन दिवस मी जिथं बघेन तिथं मला सगळं लहानच दिसायला लागलं. मंडईतले मासे, अंगणातली साळुंकीची पिल्लं, तालमीतून परत येणारी पोरं. मग मी स्वतःलाच दम दिला. हे मी कधी मोजलेलं नव्हतं. जे मोजलं नाही त्याची भीती बाळगायची नाही. मोजलेल्याचीच पुरेशी होती.

त्याच आठवड्यात मुलीची सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आठवड्यांच्या मानानं बाळ थोडं लहान दिसतंय. अंदाजे एक किलो नऊशे. घाबरायचं काही नाही. पाणी भरपूर, विश्रांती, उन्हापासून जपायचं. दोन आठवड्यांनी परत बघू."

मी विचारलं, "अंदाजे म्हणजे किती इकडं-तिकडं?"

"दीडदोनशे ग्रॅम, कधी त्याहून जास्तही."

एवढी चूक बाजारात कुणी चालवून घेत नाही. पण त्या दिवशी मी त्या चुकीलाच धरून राहिलो. ती आपल्या बाजूची असेल, बाळ दोन किलो शंभर असेल, असं रिक्षात बसल्या बसल्या मनात म्हणत होतो. लगेच दुसरं मन म्हणायचं, चूक उलट्या बाजूलाही असते.

घरी आल्यावर मी भिंतीवर टांगायचं तापमापक विकत आणलं आणि वरच्या खोलीत लावलं. दुपारी तीनला एक्केचाळीस. पंखा चालू. खाली, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत सदतीस. सहा आठवडे आम्ही लेकीला मायेनं चार अंश जास्त दिले होते. तिला त्याच संध्याकाळी खाली आणलं, गोणपाट भिजवून दाराला लावलं. पण सदतीस म्हणजे काही थंड नव्हे. मी जावयांना फोन करून विचारलं, तुमच्या घरात किती असतं? त्यांच्याकडं मोजायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कामाला दांडी मारून तापमापक पिशवीत घालून एसटीनं पन्हाळ्यावर गेलो. जाड दगडी भिंती, कौलारू छप्पर, मागं झाडं. दुपारी तीनला एकतीस.

विहीणबाई बघत होत्या. "ह्ये काय लावलासा पावणं? घराला ताप आलाय व्हय?"

मी म्हटलं, "न्हाय. आमच्या घराला आलाय."

खरं ऐकून घेणं त्यांना जमलं नसतं असं नाही. मलाच तोंड उघडेना. चहा घेऊन परत आलो.

त्या संध्याकाळी मी बायकोला वही, तापमापकाचे आकडे आणि सोनोग्राफीचा कागद असं तिन्ही एकदम समोर ठेवून सांगितलं. पोरीला परत पन्हाळ्यावर पोचवूया. बायकोनं ऐकून घेतलं आणि मग ती भडकली.

"माझ्या लेकीला म्हशीच्या वहीत घालू नका! रेडकू लहान झालं म्हणून पोरगी सासरी धाडायची? खुळं लागलंय काय तुम्हाला?"

"वहीत घालत न्हाय. पण खाली आणली तरी सहा अंशांचा फरक हाय. आणि अजून पाच आठवडे हायत."

"आमच्या आईनं मला ह्याच गावात बाळंत केली. मेमध्येच. काय झालं मला?"

"तवा मी मोजलं नव्हतं. मला ठाऊक न्हाय."

"आई-बापाला एक बाळंतपण झेपलं न्हाय, असं म्हणत्यात लोक. जल्मभर म्हणत्यात. तिलाच ऐकाय लागतंय, तुम्हाला न्हवं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलगी दारात उभी होती, ते आम्हाला उशिरा कळलं. तिनं आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आप्पा, मला घालवून देताय?"

मी तिला काय सांगायचं? तुझं बाळ लहान राहील अशी मला भीती वाटते, हे तिच्या तोंडावर म्हणायचं? भीती आईला लागली तर ती पोटातही पोचते असं आपण म्हणतो. मी म्हटलं, "पन्हाळ्यावर गार हाय, बाळा. एवढंच." ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. तोलताना मी असं कधी केलं नसतं.

बायको रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "जायची तर मीबी जाणार. एकटी न्हाय सोडायची."

आता ही आणखी एक अडचण. मुलीच्या सासरी आईनं महिनाभर जाऊन राहायचं, तिथलं खायचं, असं आमच्यात कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी विहीणबाईंना फोन लावला आणि कसंबसं सांगितलं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर माझ्याकडं दुसरा गारवा नव्हता.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "दुपारी घराचा ताप बघून गेलासा तवाच बोलायचं की. तोंडात गूळ धरून बसला हुतासा काय? उद्याच्या उद्या आणा. आणि त्यास्नी सांगा, विहीण म्हणून मान मिळायचा न्हाय. पोरीची आई म्हणून या, भाकरी थापाय लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, आम्ही निघालो. मुलीच्या मांडीवर ओला पंचा, बायकोच्या मांडीवर लोणच्याची बरणी. रिकाम्या हातानं जायला ती तयार नव्हती. घाट चढताना वारा लागला आणि मुलीनं डोळे मिटले. गल्लीतल्या एकीनं आम्हाला निघताना पाहून विचारलंच होतं, "काय, पोचवाय निघालासा?" बायको बरणी छातीशी धरून गाडीत बसली होती.

मी एकटा परत आलो. म्हशींचं शेण-चारा, दूध, बाजार, आणि दिवसातून दोन फोन. काय खाल्लं, किती खाल्लं, पाय कसे आहेत. बायको पहिल्या दोन दिवसांत तुटक बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दोन भाकऱ्या खाल्ल्यान. मागून घेतली दुसरी." मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन उगाच म्हशीच्या पाठीवर पाणी मारत बसलो. भीती गेली नव्हती. आधी ती सगळीकडं पसरलेली होती, आता एका आकड्यावर येऊन बसली होती. अडीच किलो. जन्मताना बाळ अडीचच्या खाली असलं की कमी वजनाचं धरतात, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. आणि कमी वजनाच्या बाळाला काय काय होऊ शकतं, हेही विचारलं होतं. ते विचारायला नको होतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. दोन किलो दोनशे. वाढलं होतं, पण तक्त्यावरच्या सरासरीच्या रेषेच्या खालीच चाललं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढतंय हे महत्त्वाचं." मी मान हलवली. वाढलेले तीनशे ग्रॅम पन्हाळ्याचे की अंदाजातल्या चुकीचे, ते मला सांगता येत नव्हतं आणि त्यांनाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. जावयांनी तिला गड उतरून आमच्याकडच्या दवाखान्यात आणलं. मी बाजारातून तसाच, अंगाला गुळाचा वास घेऊन पोचलो. दुपारी मुलगी झाली. परिचारिका बाहेर येऊन म्हणाली, "दोन तीनशेऐंशी."

मी विचारलं, "काटा शून्यावर बघितलासा का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आजोबा, काटा बरोबर हाय आमचा. पेढं आणा जावा."

विहीणबाई मागून म्हणाल्या, "त्येंच्या बोलण्यावर जाऊ नगा बाई. ते गुळाचं हायत."

एकशेवीस ग्रॅम कमी. हातात घेतली तेव्हा ती रडत होती, आणि जोरात रडत होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, हे उन्हामुळं झालं का? मी तिला पत्र्याखाली ठेवलं म्हणून?

त्या म्हणाल्या, "उष्णतेनं बाळांची वजनं कमी होतात, असं दिसलेलं आहे. पण या एका बाळाबद्दल मी तसं सांगू शकत नाही. तुमची मुलगी मुळात बारीक आहे. पहिलं बाळ थोडं लहान असतंच. कुणीच सांगू शकणार नाही. बाळ चांगलं आहे, अंगावर पितंय."

त्या खरं बोलल्या. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण मला त्या उत्तरानं सगळ्यात जास्त भीती वाटली. हिचे एकशेवीस ग्रॅम कुठं गेले ते कधीच कळणार नाही. आणि उद्या गावात दहा घरांत असंच झालं, तर दहाही घरांत आई बारीक असेल, खेप पहिली असेल, आणि प्रत्येक घराला आपलं वेगळं कारण मिळेल.

तीन दिवसांनी खोलीत आम्ही दोघंच असताना मी मुलीला सगळं सांगितलं. वही, एक्केचाळीस, एकतीस, मी पूर्ण न सांगितलेलं. ती बाळाला थोपटत ऐकत होती.

"मला ठाऊक हुतं आप्पा," ती म्हणाली. "तुम्ही तापमापक घेऊन एसटीनं गेला तवाच कळलं. उगाच कोण जातंय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हीच किती भ्यालता. तुम्हाला आणि कशाला भेवडवू?"

आम्ही बारसं पन्हाळ्यावरच केलं. नात वाढत राहिली. तीन महिन्यांत तिनं रेषा गाठली, सहाव्या महिन्यात थोडी ओलांडलीही. बायकोला वाटतं आता विषय संपला. कदाचित संपला असेल. गल्लीत अजून कुणी कुणी म्हणतं, पोरगी पोचवून आले म्हणून. बायको आता तोंडावर सांगते, "व्हय, आलो की. तुमच्या पत्र्याखाली बसून बघा जरा दुपारचं."

यंदा मार्चच्या शेवटी मी नातीला बघायला पन्हाळ्यावर गेलो. दुपारची वेळ होती. बाहेरच्या खोलीत वायरमन शिडीवर चढून छताकडं बघत उभा होता. खाली खोक्यात नवा पंखा. या घरात आजवर पंखा नव्हता. नातीच्या अंगावर घामोळं उठलं म्हणून जावयांनी आणला होता.

वायरमन म्हणाला, "ह्याला हूकच न्हाय की हो. टांगू कशाला?"

विहीणबाई म्हणाल्या, "बांधणाऱ्याला काय ठाऊक, पंखा लागंल म्हणून?"

त्या वेळी त्या हसल्या नाहीत. वायरमननं तुळईला भोक पाडायला यंत्र लावलं, भुसा खाली पडायला लागला, आणि मी नातीला उचलून मागच्या अंगणात झाडाखाली नेलं. तिची मान ओली होती. मी माझ्या सदऱ्याच्या टोकानं ती पुसली. थोड्या वेळानं पुन्हा पुसावी लागली.